रानातलं औषधी बी परसात कसं उगवायचं, कोकणातला पाऊस धरून

किराईत पेरलं, सर्पगंधा पेरली, पण काहीच उगवलं नाही, ही तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते आणि बहुतेक वेळा बी खराब नसतंच. भेंडी-मिरचीचं जे पाकीट आपण आणतो ते बी माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून असं करून ठेवलंय की पाणी मिळालं की चार-आठ दिवसांत सगळं एकदम वर येतं. रानातलं बी असं एकदम वर आलं आणि नंतर पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर सगळीच रोपं मरणार, म्हणून त्याच्यात थांबायची सोय असते. कोणाचं कवच इतकं टणक की पाणीच आत जात नाही, कोणाला काढल्यावर चार-सहा महिने पडून राहावं लागतं, कोणाला उजेड दिसल्याशिवाय जाग येत नाही, आणि काही एकदम उलटे, ते सुकले की मेलेच. कुठल्या बीला काय पाहिजे हे कळलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे आपला पाऊस, वर्षाला 2500 ते 3500 मिलिमीटर आणि तो पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्यामुळे पुण्याकडच्या कोणीतरी लिहिलेली "रोज पाणी द्या" वाली माहिती इथे जुलैत काही कामाची नाही, इथे पाणी कमी कसं पडेल ते बघावं लागतं.

बी आणायचं कुठून तर शक्यतो आपल्याच गावातून, गडग्याच्या कडेला, पाखाडीला, सड्यावर जे झाड उभं आहे त्याचं, कारण ते या तांबड्या मातीला आणि या पावसाला सरावलेलं असतं. ऑनलाइन मिळणाऱ्या पाकिटांत अश्वगंधा हमखास असते, ती कोरड्या मुलखातली, तिला इथल्या जुलैत लावणं म्हणजे छळ आहे, अगदीच हौस असेल तर ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर कुंडीत लावा. झाड ओळखताना एकट्याच्या भरवशावर राहू नका. गावात एखादी काकी, आजी असतेच जिला पाल्यावरून सगळं कळतं, तिला बरोबर घेऊन जा. मोबाईलचं अ‍ॅप फोटोवरून नाव सांगतं, पण दोन सारख्या दिसणाऱ्या झाडांत ते बिनधास्त चुकतं, आणि हे पोटात घ्यायचं प्रकरण आहे. देवराईतून आणि राखीव जंगलातून काही आणू नका. बाकी ठिकाणीही एकाच झाडाचं सगळं बी ओरबाडण्यापेक्षा दहा झाडांचं थोडं थोडं घ्या, म्हणजे रानात पण राहतं आणि तुमच्याकडे पण एकाच झाडाची पिलावळ होत नाही. आणि झाड मुळासकट उपटून आणायचा मोह टाळाच, त्यातलं बहुतेक परसात येऊन मरतं, म्हणजे रानातून पण गेलं आणि इथे पण नाही.

काढलेलं बी कडक उन्हात नको, पडवीत वर्तमानपत्रावर पसरून सावलीत सुकवा. मग कागदाच्या पुडीत घालून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तळाला मूठभर तांदूळ कोरडे भाजून, पूर्ण गार करून घाला, ते दमटपणा ओढून घेतात. मीठसुद्धा पाणी सोडतं असली आपली हवा, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बीला बुरशी येणारच. पुडीवर नाव, जागा आणि महिना लिहा. लक्षात राहील असं वाटतं, पण मे महिन्यात डबा उघडल्यावर सगळ्या तपकिरी पुड्या सारख्याच दिसतात.

सुरुवात किराईतापासून करा. काडेचिराईत, भुईनिंब, काही म्हणा, कोकणात तापावर हेच उकळून देत आलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, काष्टौषधीच्या दुकानात चिराईत म्हणून जे मिळतं ते कधीकधी हिमालयातलं वेगळंच झाड असतं, ते इथे उगवणार नाही आणि त्याच्या मागे लागूही नका. आपलं ते पावसाळी, गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत वाढणारं, चौकोनी दांड्याचं, पांढऱ्या फुलावर जांभळे ठिपके असलेलं, आणि पान जिभेला लावलं की तासभर तोंड कडू. डिसेंबर ते फेब्रुवारीत त्याच्या बारीक उभ्या शेंगा पिकतात आणि या शेंगा पूर्ण वाळल्या की फट्‌कन फुटून बी लांब उडवतात. त्यामुळे हिरव्याच्या तपकिरी व्हायला लागल्या की सकाळी दव असताना काढायच्या, कागदाच्या पिशवीत घालून तोंड बांधून ठेवायच्या आणि पिशवीतच फुटू द्यायच्या. बी बारीक, पिवळसर तपकिरी असतं. आता मुद्दा असा की हे ताजं बी पेरलंत तर जवळपास काहीच येत नाही, त्याला पाच-सहा महिने झोप हवी असते. जानेवारीत काढलेलं बी जूनपर्यंत आपोआप तयार होतं, म्हणजे वेगळं काही करायचं नाहीये, फक्त घाई करायची नाही. मे संपता संपता, रोहिणीत, ट्रेमध्ये बारीक वाळूत मिसळून वरवर पेरा, वर अगदी पातळ मातीचा थर द्या, आठवडा-दहा दिवसांत दिसायला लागेल. चार-सहा पानांवर आलं की भाताची लावणी आटपत आली असेल तेव्हा ढगाळ दिवस बघून वाफ्यावर फूटभर अंतरावर लावा. तीन-साडेतीन महिन्यांनी फुलं यायला लागली की पाला सगळ्यात कडू असतो, तेव्हा जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचा. पण चार-पाच झाडं बीसाठी अजिबात न कापता सोडा.

आता टणक कवचवाल्यांकडे येऊ. मुरुडशेंग, टाकळा, गुंज ही सगळी यातली. टाकळा पेरायची गरज कोकणात कोणाला पडत नाही, पहिल्या पावसात रस्त्याकडेला तोच तर सगळीकडे असतो, पण त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि दरवर्षी त्यातलं थोडंच उगवतं, म्हणून तुम्ही कितीही भाजीला खुडा तो संपत नाही. मुरुडशेंग मात्र लावण्यासारखी आहे, बाळगुटीत उगाळतात ती हीच पीळ पडलेली शेंग. झुडूप मोठं होतं, तेव्हा कुंपणाला लावा. शेंगेतलं बारीक काळपट बी काढून घ्या, पाणी उकळा, गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं जाऊ द्या आणि मग ते पाणी बीवर ओता, बीच्या चार-पाचपट, आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी ज्या बिया फुगल्यात त्या पेरायच्या, ज्या नाही फुगल्या त्यांना परत तेच करायचं. उकळत्या पाण्यात बी टाकून वर आणखी उकळायचं नाही, ती उसळ होईल.

गुंजेचं वेगळं सांगायला पाहिजे. गुंजपाला गोड लागतो, विड्यात घालतात, घसा बसला की चघळतात, त्यामुळे वेल पाहिजे असं खूप जणांना वाटतं. पण ती लालचुटूक काळ्या टिकलीची बी जबरदस्त विषारी आहे, त्यातलं अ‍ॅब्रिन नावाचं विष एका नीट चावलेल्या बीतूनसुद्धा जीव घेऊ शकतं. अख्खी गिळली गेलेली बी तिच्या टणक कवचामुळे बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, आणि रुजवण्यासाठी आपण नेमकं तेच कवच फोडतो, म्हणजे घासलेली किंवा भिजून फुगलेली गुंज साध्या गुंजेपेक्षा जास्त धोक्याची. तिची पूड तर उडायलाच नको, म्हणून घासायची भानगड नको, गरम पाण्याचीच पद्धत वापरा, ते भांडं परत स्वयंपाकात घेऊ नका. घरात लहान मूल असेल तर गुंज लावूच नका, पाला लागला तर गावात कोणाच्या तरी कुंपणावर असतोच. कळलावीचं तसंच. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगतात त्या पानाफुलांच्या चौकटीला, तिची फुलं काय सुंदर दिसतात, पण कंदापासून बीपर्यंत सगळी विषारी, त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. ढोरं फिरतात तिथे नको.

माका आणि भुईआवळी यांचं बी इतकं बारीक असतं की नखावर पन्नास मावतील, आणि दोघांनाही उजेड लागतो. मातीखाली दडपलं तर उगवतच नाही. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरा, हाताने हलकं दाबा, बस. भुईआवळीची फळं पानांच्या देठाखाली ओळीने लागतात, ती पिकली की तडकून उडतात, म्हणून पिकत आलेली फांदीच कागदावर दोन दिवस ठेवायची. रानतुळशीचं पण बी वरवरच, भिजल्यावर त्याच्याभोवती सब्ज्यासारखा बुळबुळीत थर येतो, आणि मग ते जिथे पडलं तिथेच चिकटून बसतं, त्यामुळे आधीच नीट पसरवून पेरा.

सर्पगंधेसाठी मात्र धीर पाहिजे. पण लावावी अशी मला सगळ्यात जास्त हीच वाटते, कारण मुळासाठी उपटून उपटून ती रानातून पार कमी झालीय, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरसुद्धा साइट्स (CITES) या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या कराराखाली नियंत्रण आहे. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचे अनुभव छापले आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं, मग 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं आणि त्याच्या गोळ्या आल्या. म्हणजे हे खरंच जोरदार औषध आहे, त्यामुळे घरी मूळ उगाळून बीपीवर घ्यायचा उद्योग बिलकुल करायचा नाही, लावायची ती झाड वाचावं म्हणून आणि त्या लाल देठांच्या पांढऱ्या फुलांच्या गुच्छासाठी. फळं हिरवी, मग लाल, मग काळीभोर जांभळी होतात, काळी झाल्यावरच काढा. गर राखेत चोळून धुवून टाका, नाहीतर त्याच गराला बुरशी धरते. मग बिया पाण्यात टाका, तरंगतील त्या फेकून द्या, त्या पोचट. बुडालेल्या एक दिवस भिजवून लगेच पेरा, कारण सहा-आठ महिने ठेवलेल्या बीतून फारच थोडं हाताला लागतं. ताज्यातूनसुद्धा शंभरातली वीस-तीस उगवली तरी चांगलं म्हणायचं, आणि ती पण एकदम नाही, कोणी तीन आठवड्यांनी कोणी दोन महिन्यांनी, म्हणून महिनाभरात काही दिसलं नाही म्हणून ट्रे उपडा करू नका. जागा अर्ध्या सावलीची, आंब्या-फणसाखाली चालेल.

शतावरी त्या मानाने सोपी. लाल फळ चुरडून काळी गोल बी काढायची, धुवायची, दिवसभर कोमट पाण्यात भिजवायची, तीन ते पाच आठवड्यांत हिरवी सुई वर येते. हिची मुळं जाड, पाणी साचलं की कुजतात, त्यामुळे उंच वाफाच हवा, आणि वेल काटेरी असतो म्हणून वाटेवर नको.

कुडा लावायचा असेल तर शेंगा उघडायच्या आत त्यांना जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळून बांधा, एकदा उघडल्या की केसाळ बी वाऱ्यावर निघून जातं. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांच्यात घोळ होतो. औषधातलं कडू इंद्रजव म्हणजे पांढऱ्याचं बी, त्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात आणि त्याचं बी ते गोड इंद्रजव. कुड्याचं झाड होतं, परसात एक पुरे, आणि फुलांची भाजी मिळते ती वेगळीच.

सप्तरंगीसारखं जे गरवालं, मोठ्या ओलसर बीचं असतं ते अजिबात सुकवायचं नाही, कोकमाच्या बीसारखंच, खाल्लं की धुवून त्याच दिवशी मातीत. आणि गुळवेल, अडुळसा, निर्गुडी, ब्राह्मी, वेखंड यांच्या बियांच्या नादाला लागायचंच कशाला, फांदीचा तुकडा किंवा कंद खोचला की कोकणात ते आपोआप लागतात.

आता पेरायचं कशात. थेट वाफ्यात पेरू नका, मृगाच्या एका सरीत बारीक बी शेजारच्या परसात जाईल. ट्रे, भोक पाडलेल्या करवंट्या, दुधाच्या पिशव्या, काहीही चालतं, फक्त खाली पाणी निघायला वाट हवी. माती दोन भाग, चाळलेलं जुनं शेणखत एक भाग, वाळू एक भाग. वाळू व्हाळाची किंवा नदीची घ्या, समुद्रावरची पोतं भरून आणायची नाही, त्यातल्या खाराने कोवळी मुळं जळतात. शेणखत चांगलं कुजलेलं हवं, ओलं वापरलंत तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, फुकट मिळते. त्यात थोडी ट्रायकोडर्मा पावडर मिसळा, ही रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी, कृषी सेवा केंद्रात मिळते. कारण इथे रोपांना सगळ्यात जास्त मारते ती मर, म्हणजे सकाळी बघावं तर इवलीशी रोपं मातीच्या लगत कुजून आडवी. ती आली की औषध मारून काही उपयोग नसतो, ती येऊच नये म्हणून विरळ पेरायचं, हवा खेळती ठेवायची आणि पाणी कमी द्यायचं. ट्रे पडवीच्या कडेला उजेडात ठेवा पण पागोळीच्या धारेत नको. पडवी नसेल तर चार काठ्यांवर पारदर्शक प्लास्टिक उतरतं बांधा, बाजू उघड्या ठेवा. नुसतं शेडनेट पाऊस अडवत नाही, उलट त्यातून मोठे थेंब गळतात आणि मातीसकट बी उडवतात.

मुंग्यांचं काय करायचं, तर ट्रे चार विटांवर ठेवा आणि विटा पाण्याच्या थाळ्यांत. पाणी दर तीन दिवसांनी बदला नाहीतर डास होतात. पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत अख्खा ट्रे साफ करतात, त्यांच्यासाठी ओलं गोणपाट संध्याकाळी जवळ टाकून ठेवायचं, सकाळी उलटं केलं की सगळ्या खाली जमलेल्या असतात, उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यात फेकायचं नाही. कोंबड्या सोडत असाल तर जाळी लावल्याशिवाय काहीच करू नका, त्या उकरणारच.

रोपं बाहेर लावायचा वाफा जमिनीपासून वीतभर तरी उंच पाहिजे. कोकणात त्याला सोपा उपाय म्हणजे फुटके चिरे, घराच्या कामातून उरलेले कुठेतरी पडलेले असतातच, त्यांची कड करा आणि आत माती भरा, चिऱ्यांच्या फटीतून पाणी निघून जातं. वर पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, पातळ थर द्या म्हणजे पावसाने माती उडत नाही, पण रोपाच्या बुंध्याला तो चिकटू देऊ नका.

आणि घ्यायच्या बाबतीत एक सांगतोच. पावसाळ्यात ताप आला की किराईताचा काढा घरोघरी होतो, ठीक आहे, पण याच दिवसांत भातशेतीत चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवावरचा ताप) होतो, मलेरिया-डेंग्यू असतो, तेव्हा काढा पीत चार दिवस काढायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी ताप असेल तर रक्त तपासा. गरोदर बाईला किराईत देऊ नका. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांना विचारा.

पहिलं वर्ष निघालं की दुसऱ्या वर्षी काम खूप कमी होतं, किराईत, भुईआवळी, रानतुळस आपापलं बी टाकतात आणि जूनमध्ये जिथे तिथे उगवतात. तेव्हा बेणणी करताना जरा बघून, कोवळं किराईत आणि तण लांबून सारखंच दिसतं. खरा धोका गणपतीच्या आधी, सगळे चाकरमानी यायचे म्हणून घराभोवती ग्रासकटर फिरतो आणि तो मजुरीवर आलेला माणूस अर्ध्या तासात सगळं सपाट करून जातो. त्याआधी प्रत्येक वाफ्याला आणि सुट्या रोपांना काठी रोवून लाल चिंधी बांधा, आणि तेवढ्यावर भागत नाही, तो आला की स्वतः बरोबर फिरून एकेक जागा दाखवा. तुम्ही मुंबईत असाल तर शेजारच्या काकांना फोन करून उभं राहायला सांगा, चहाचे पैसे वरून द्या.